खाजगी किलोमीटर

एकतीस हजार चारशे सहा.
बारा महिन्यांचे, डिझेलचे, कंपनीचे.
गाडीच्या कागदांवर माझं नाव कुठंच नाही.
फक्त डाव्या दारावरचा ओरखडा,
दिवाडीच्या फेरीबोटीवर चढताना पडलेला,
माझ्या पगारातून कापला गेला,
म्हणजे तेवढा माझा.

साखळीत सकाळी ती सुरू होते
तेव्हा पोदेराचा भोंगा क्षणभर बुडतो.
गार असताना खोकते, खडखडते,
मग हळूहळू आवाज खाली आणते
परक्या घरी जेवायला बसल्यासारखी.
डिकीत डायलिसिस यंत्रांचे पंप, नळ्या, वॉशर,
हॉस्पिटलात घालायच्या वेगळ्या चपला,
आणि मडगावहून एकदाच आणलेली सुकी सुंगटं,
जी खाऊन संपली ऑगस्टात
आणि वासानं अजून बसलीत मागच्या सीटवर.

रात्री दोनला काणकोणहून रोझालिनाचा फोन:
मशीन नंबर तीन, प्रेशर अलार्म, पेशंट टेबलावर.
करमल घाटात धुकं, समोर केळ्यांचा टेम्पो,
दुसऱ्या गिअरमध्ये ही बाई जी ओढते
ती ओढ पेट्रोलवाल्यांना सांगून कळायची नाही.

लॉगबुकात दोन रकाने.
कार्यालयीन. खाजगी.
खाजगीला किलोमीटरमागे अकरा रुपये कापतात,
म्हणून पहिले सहा महिने
माझं खाजगी शून्य होतं.

मार्चमध्ये पिवळा दिवा लागला.
वर्कशॉपच्या मेनिनोनं हात पुसत सांगितलं:
बाय, तू हिला फार सांभाळून चालवतेस.
थोडं जायचं, थांबायचं, परत थोडं.
काजळी साचलीय फिल्टरात.
आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर काढ,
वीस मिनिटं न थांबता पळव.
आतल्या आत जळून जाते.
मी बिलावर सही केली.

तेव्हापासून गुरुवारी, जेवणं झाल्यावर,
मोपाच्या नव्या रस्त्याला लागते.
दिवे, दिवे, मग दिवेच नाहीत.
कुणाकडे जायचं नसतं,
कुणाचं रक्त थांबलेलं नसतं माझ्यासाठी.
पुण्याहून इरा मॅडमनं विचारलं,
दर गुरुवारी बावन्न किलोमीटर, जातेस कुठं?
मी लिहिलं: कुठंच नाही.
त्यांनी अकरानं गुणून कापले.

बाबांनी बावीस वर्षं टिप्पर चालवला,
पिसुर्ल्याच्या खाणीवरून आमोण्याच्या जेटीपर्यंत.
खाण बंद पडली, आधी बॅटरी विकली,
मग टायर. उरलेल्या सांगाड्यावर
आईनं पडवळाचा वेल चढवला, बरा धरतो.
माझ्या गाडीत ते कधी बसले नव्हते.
कंपनीची आहे, म्हणायचे, पाय मळके आहेत.

गेल्या गुरुवारी पाय धुऊन आले.
पट्टा कसा लावायचा ते विचारलं नाही,
धरूनच बसले.
धारगळ ओलांडल्यावर म्हणाले,
गिअर उतरव. अजून. आता दाब.
मी दाबला. मागून जळका वास आला,
बाबांनी काच खाली केली
आणि तो आत येऊ दिला.
पिवळा दिवा विझला तेव्हा
ते रस्त्याकडे बघत होते, दिव्याकडे नाही.

परतताना एवढंच: डिझेल कोण घालतं?
कंपनी.
बरें.

परवा पत्र आलंय. जूनपासून
सगळ्यांना विजेच्या गाड्या.
धूर नाही, फिल्टर नाही,
गुरुवारचं काही कारण नाही.
आईला वाचून दाखवत होते,
बाबा टिप्परच्या पायरीवर बसून पडवळं काढत होते.
तिका आवाज नासता म्हणटात?
नसतो, मी म्हटलं.
त्यांनी एक पडवळ उजेडाकडे धरलं, किडकं होतं, टाकलं.
मगीर रातची तूं पावली म्हूण
आमकां कळटलें कशें?

आज गुरुवार.
लॉगबुकात आधीच लिहून ठेवलंय:
खाजगी, बावन्न. माणसं, दोन.