सुचवलेलं वाचन

सप्टेंबरात ग्लेनिसनं यादी हातात ठेवली:
अकरा पुस्तकं, लेखकांच्या आडनावांनुसार लावलेली,
इंग्रजी शिकवणाऱ्यानं वाचलीच पाहिजेत अशी.
"सगळी वाचू नकोस," ती म्हणाली,
"फक्त वाचल्यासारखी दिस."

ग्रिम्सबीत संध्याकाळचा वारा गोदीकडून येतो.
वर्गात माझ्या आधी मासळीचा वास हजर असतो.
कारखान्यातून थेट आलेले चौदा जण,
हात तीनतीनदा धुतलेले,
तरी एखादं खवलं वहीत निघतंच,
चालू वर्तमानकाळाच्या पानावर चमकत.

मी आपली मन लावून वाचत गेले.
पहिल्या पुस्तकात, शिक्षकानं कमी बोलावं
हे चारशे पानं सांगितलेलं.
दुसऱ्यात चौकोन, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण.
तिसरं उशाशी ठेवलं. झोप छान लागली.
चौथ्यात 'द' कुठे लावावा, कुठे लावू नये,
याची एकोणीस कारणं.
जिंतूरच्या मराठी शाळेत वाढलेली मी,
बावीस वर्षं 'द' अंदाजानंच घालत आले,
आमटीत मीठ घालावं तसा;
आणि मग समोरच्याचं तोंड बघते.

पाचवं जुनं. निळ्या कापडी बांधणीचं,
कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत दुसरी,
तारखांचा कागद एक्याण्णवला थांबलेला.
पान एकशे बारा:
प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबावे.
शेजारी समासात, शिसपेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात:
"तीन पुरत नाहीत. नऊ मोज.
आणि मोजताना ओठ हलवू नकोस, त्यांना कळतं."
खाली दोन अक्षरं. डी. एम.

"डोरीन मॅपलबेक," ग्लेनिस म्हणाली.
"व्हिएतनामहून आलेल्यांना शिकवायची,
त्यांच्याच स्वयंपाकघरात. वर्ग कुठे मिळायचा तेव्हा."
एवढं बोलून ती फोटोकॉपीच्या मशीनला शिव्या द्यायला गेली.

मला घोगरे सर आठवले.
एकच गाइड होतं त्यांच्याकडे, मागचं पुठ्ठं गेलेलं.
प्रश्न आणि पट्टी यांच्यामध्ये
त्यांनी कधी श्वासाइतकीही जागा ठेवली नाही.
उत्तर मला यायचं. पट्टीनंतर यायचं.

तेस्फालेम सहा आठवडे गप्प होता.
येतो, टोपी काढतो, बसतो,
फळ्यावरचं सगळं उतरवून घेतो, तारखेसकट.
मंगळवारी मी त्याला विचारलं,
शनिवारी काय केलंस?
आणि मोजायला लागले.
शिकवते इंग्रजी, पण मोजते मराठीतच.

एक. दोन.
तीन. इथे छापील धीर संपला.
चार. हीटरची टकटक.
पाच. दानुतेला उत्तर ठाऊक होतं, तिनं ते गिळलं.
सहा. माझा तळहात आपोआप मिटला.
सात

"टीचर," तो म्हणाला. "विंडो. प्लीज. व्हेरी कोल्ड."

क्रियापद नाही.
'द' नाही, एकोणीसपैकी एकाही कारणानं.
शनिवारचा तर पत्ताच नाही.
कुणीतरी उठून खिडकी लावली,
वर्गभर हसू पसरलं, तोही हसला,
आणि टोपी मांडीवर फिरवत,
कुणी न विचारता,
"सॅटरडे," तो म्हणाला, "ऑल्सो कोल्ड."

त्या रात्री पान एकशे बारावर
डोरीनच्या खाली मी लिहिलं: सातला बोलला.
देवनागरीत लिहिलं. पुढच्याला कळणार नाही.
न कळू दे, थांबून बघेल जरा.

जूनमध्ये फॉर्म आला:
नव्या शिक्षकांसाठी एक पुस्तक सुचवा.
बाकीची सहा अजून माझ्याच टेबलावर आहेत,
दंड रोज वाढतोय, ते मी लिहिलं नाही.
निळ्याचं नाव लिहिलं, आणि शेरा या रकान्यात:
हीच प्रत द्यावी. नवी मागवू नये.
नवीचे समास कोरे असतात.