दम

भरतीचं पाणी खाजनात शिरू लागलं की
मानशीच्या कठड्यावरून आम्ही उड्या टाकायचो.
तळाशी दाराची जुनी लोखंडी कडी. ती धरून राहायचं,
आणि वरच्यांनी मोजायचं.
आग्नेल सत्त्याण्णव.
मी एकशे चार.
सर्वानंद एकशे अकरा, आणि वर येताच शिवी,
म्हणजे आत अजून दम उरलेला.

त्या वर्षी दिवाडीची फेरीबोट निम्म्याच खेपा करायची.
पलीकडे रायबंदरच्या धक्क्यावर पोलीस नावं लिहून घ्यायचा,
आम्ही एकमेकांची सांगायचो.
मास्क होते. हनुवटीला.
सर्वानंदचा बाइकच्या आरशाला,
आठवडाभर वाऱ्यावर वाळत.

तो स्टॅटिस्टिक्सवाला. ओल्या बोटाने कठड्यावर त्याने मांडून दाखवलं होतं:
आपल्या वयाचे इतके, त्यात धडधाकट इतके,
म्हणजे शून्य, टिंब, परत शून्य,
आणि पुढचा आकडा लिहायच्या आत
पहिलं शून्य उन्हात वाळून गेलं.
"ह्यापेक्षा माड डोक्यावर पडेल," आग्नेल म्हणाला.
हसलो.
हिशेब चुकला नव्हता. आजही मला तो चुकलेला वाटत नाही.

मग दोन दिवस माझं अंग मोडून आलं.
आईने सुंगटांचं हुमण केलं, तळाला लागलं,
ती हळहळत होती आणि मला कसलाच वास नव्हता.
बोललो नाही.
आग्नेलचे जहाजावरचे कागद यायचे होते,
घरावर पाटी लागली असती तर चौघांचेही चौदा दिवस गेले असते,
आणि खरं सांगायचं तर
ताप तसा मजेचाच होता, फोन घेऊन पडून राहण्याचा.

त्यातल्याच एका सकाळी कायतान पदेराचा भोंपू वाजला.
फाटकापर्यंत गेलो. पाच पोयांचे पैसे हातावर ठेवले,
मुठीतली नाणी, गरम.
"डोळे लाल दिसतात रे?"
"जागलो रात्री."
"ह्या वयात जागायचंच," म्हणाला,
आणि टोपलीत वाकून सहावी पोय काढली, वरची,
हिशेबाबाहेरची.

तिसऱ्या दिवशी मी मानशीवर. अठ्ठ्याण्णव.
आळस, म्हटलं.

अकराव्या दिवशी भोंपू वाजला नाही.
दुपारी फेरीबोटीवर एकच गाडी चढवली, पांढरी,
आणि दोरी सोडली.
आम्ही कठड्यावर ओळीने, चड्ड्या कोरड्याच.
सर्वानंद पुटपुटत होता. सवय.
बोट पलीकडे टेकली तेव्हा तो थांबला.
"किती?" आग्नेलने विचारलं.
"तीनशे बावन्न."
त्यानंतर त्याने शिवी दिली नाही.

कायतान मेला नाही.
उगाच रंगवत नाही. सव्वा महिन्याने आला,
गळ्याची हाडं घेऊन.
जावई आता स्कूटरने पाव वाटतो,
पण आमच्या वाड्यावर तो स्वतः येतो, सायकल हातात धरून,
कारण चढ आहे आणि चढावर बसवत नाही.
बरं तर बरं, भोंपू रबरी आहे.
त्याला फुंकावं लागत नाही.

त्या आठवड्यात गावात सात घरी ताप होता.
मासळीवालीच्या घरी, फेरीच्या खलाशाच्या, खुद्द भट्टीवरच्या पोराच्या.
माझ्याच हातून, असं नाही.
माझ्या हातून नाही, असंही नाही.
सर्वानंदला एकदा विचारलं, हे कसं मांडायचं?
तो पाण्याकडे बघत बसला.
बोट ओलं केलं,
आणि चड्डीला पुसलं.

आता मी फाटकापाशी आधीच जाऊन उभा असतो.
चढावर कायतान तीनदा थांबतो,
आंब्याला, खुरसाला, मग उगाचच कुठेतरी मध्ये.
हात वर करतो, लांबूनच.
"दम धर रे," म्हणतो, "येतो."

मी धरतो.
मोजायला वर कोणी नसतं.