दोन पेट्या

आमच्या शाळेत दोन पेट्या आहेत.
एक खरात सरांची, संगीताच्या खोलीत,
भाता दोनदा चिकटवलेला;
काळी तीन दाबली की सूर येत नाही,
नुसती फूक येते.
दुसरी माझ्याकडे, लायब्ररीत,
भूगोलाच्या कपाटावर:
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली.
चौथीतल्या कुणीतरी त्यावर कबुतर रंगवलं,
ते कोंबडी दिसतं.
राहू दिलंय.

सिस्टर लुर्डिना म्हणाल्या होत्या,
पोरांना तोंडाने सांगता येत नाही ते यात टाकू देत.
नाव नको. शनिवारी आपण दोघी वाचू,
फाडू,
ग्रोटोजवळच्या गुलाबांच्या खतात घालू.
यंदा गुलाब बरे आलेत.
कशाकशावर आलेत
ते आम्हा दोघींनाच ठाऊक:
बाबांना प्रेसमध्ये रात्रपाळी, दिवसा घरात बोलायचं नाही.
कुत्रा गेला, घरी कुणीच रडलं नाही.
एकदा नुसतंच द्राक्षाचं वाळकं पान.

नोव्हेंबरात, स्वेटर निघाले त्या आठवड्यात,
एक चिठ्ठी आली:
‘मी कॉयरमध्ये गात नाही.
फक्त ओठ हलवते. दुसरीपासून.’

अक्षर मी ओळखलं.
ओळखायचं नव्हतं.
पण बावीस वर्षं नोंदवहीत सह्या बघतेय,
‘ह’चं शेपूट खालच्या ओळीत कोण सोडतं
हे हाताला कळतं, विचारावं लागत नाही.
सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीकडे.

बुधवारी डोळे मिटायचा तास लायब्ररीतच असतो,
सतरंजी इथे आहे म्हणून.
श्वास आत. थांबा. श्वास बाहेर.
एकजण घोरतो, सगळी हसतात,
मग पुन्हा चाळीस नाकं शहाणी होतात.
भिंतीपलीकडे खरात सर काळी तीन दाबून बघत असतात.
फूक. थांबून, पुन्हा फूक.
वाटलं, पेटीही तासाला बसलीय.

तास संपला तरी ती गेली नाही.
लेबलं चिकटवू का, म्हणाली.
मी मैद्याची खळ पुढे केली, मोरचूद घातलेली,
बोटं तोंडात घालू नकोस, एवढंच बोलले.
ती चिकटवत होती, मी तारखेचा शिक्का मारत होते,
ठप, ठप,
आणि त्या ठोक्यात केव्हातरी
तिच्या नाकातून चाल निघाली.
नाताळचीच. काळी तीनवरनं जाणारी.
मी मान वर केली नाही.
हात थांबला असता तर तीही थांबली असती,
म्हणून मारत राहिले.
पक्ष्यांवरच्या एका पुस्तकावर
एकाच दिवशी चार तारखा पडल्यात.
ते कधी परत आलं, कुणी विचारू नये.

कार्यक्रमाचा पडदा आठवीने रंगवला:
बेथलेहेमच्या गोठ्यावर द्राक्षाचा मांडव,
मागे पांडवलेण्यांचा डोंगर,
एका मेंढपाळाच्या अंगात आमच्या शाळेचा स्वेटर.
कॉयर तीन रांगांत उभा.
सरांची बोटं त्या जागेपाशी आली.
एरवी पोरं तिथे डबकं ओलांडल्यासारखी
टुणकन पुढच्या शब्दावर जातात.
फूक आली,
आणि फुंकेवर सूर होता.
बारीक, थोडा चढा.
कुणाचा, सांगता येणार नाही.
तिसऱ्या रांगेत सगळ्यांचेच ओठ हलत होते.

शनिवारी डबा उघडला. चौदा चिठ्ठ्या.
‘ह’चं शेपूट कशातच नव्हतं.
एक मात्र लाल शाईत,
आणि मुलांना लाल शाईची परवानगी नाही:
‘पेटी दुरुस्तीला टाकू की राहू दे?’
सिस्टर बराच वेळ हसल्या.
मग चष्मा पुसत म्हणाल्या,
खाली नाव नाही, उत्तर कुणाला द्यायचं?
फाडली.
गुलाबांना घातली.