यात नावाचं अक्षर

कोस्त्रोमा. अठरा सालचा ऑक्टोबर.
व्होल्गा गोठायची होती, शाई मात्र गोठू लागलेली;
दौत मी काखेत धरून शाळेत न्यायचे.
त्या सकाळी भिंतीवर परिपत्रक:
तीन अक्षरं रद्द. चौथं शब्दाच्या शेवटी लिहायचं नाही.
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्यावर छतातून गळलेला एक थेंब.

रद्द झालेल्यांत 'यात' हे सगळ्यांत जुनं दुखणं.
उच्चार शेजारच्या अक्षराचाच, हुबेहूब.
कानाला फरक कळायचा नाही, घोकावंच लागे:
पाव यानं लिहायचा. बर्फ यानं. रान, आजोबा, श्रद्धा,
आणि 'नाही' हा शब्दसुद्धा.
का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं.
मीही पुढे कुणाला सांगितलं नाही.
बावीस वर्षं फक्त यादी म्हणून घेतली.

वडील छापखान्यात जुळारी.
खलाशी पोती घेऊन आले, खिळे ओतून गेले.
शब्दाच्या शेवटी मुकाट उभं राहणारं ते चौथं अक्षर
वडिलांचं लाडकं;
हजार खिळ्यांवर मजुरी मिळे,
आणि मुक्यालाही बोलक्याइतकाच दाम.
"माझ्या घराचा एक वासा त्याच्यावर होता," म्हणाले,
आणि रिकाम्या खणातली धूळ
फुंकर मारून साफ करत बसले.

शांतता आणि जग:
दोन्ही शब्द बोलायला एक, लिहायला वेगळे,
एका टिंबवाल्या अक्षरापुरते.
आता लिहायलाही एकच. कुठला कोणता, ज्यानं त्यानं ओळखावं.
त्या हिवाळ्यात आमच्याकडे
दोन्हींची टंचाई होती, त्यामुळे घोटाळा झाला नाही.

पण मला आठवत होता प्रोखोर.
होडीवाल्याचा पोरगा, बोटांना डांबर.
पाव चुकीचाच लिहायचा, दर वेळी.
"ऐकू आला तसा लिहिला, ग्लाफिरा येवलाम्पियेव्हना."
मी त्याला सुक्या वाटाण्यांवर गुडघे टेकवायला लावले,
तासभर, खिडकीकडे पाठ.
उठला तेव्हा एक वाटाणा कातडीत रुतलेला.
त्यानं तो नखानं काढला, बघितला,
आणि खाल्ला.

चौदाला तो आघाडीवर गेला.
पंधराच्या लेंटमध्ये त्याची आई पत्र घेऊन आली, वाचून दाखवा म्हणून.
जांभळ्या पेन्सिलीचं, न पुसणारं अक्षर.
'आई, इथे पाव मिळतो.'
तोच पाव. तीच चूक.
माझ्या हातात लाल पेन्सिल होती. मी अक्षर दुरुस्त केलं.
तिच्यादेखत. सवयीनं.
मग पत्र आलं नाही.

परिपत्रक वाचून मी शाळेत थांबले नाही.
पुलाखालून, लाकडाच्या वखारीमागून, तिच्या दारी.
पत्र देवाच्या तसबिरीमागे होतं, तुपकट झालेलं.
म्हटलं, मावशी, तुमचा मुलगा बरोबर होता.
सरकारनंच तसं ठरवलंय.
ती माझ्याकडे बघत राहिली, मी शुद्धीवर आहे ना, अशी.

खोडरबर नव्हतं. पावाच्या मऊ गरानं पेन्सिल पुसते,
हे पोरांना मीच शिकवलेलं.
खिशात दिवसाचा वाटा होता, निम्मा भुसा;
आतून चिमूटभर घेतला, गोळी केली, घासली.
लाल निघालं. जांभळं तसंच राहिलं,
वाकडं, ठसठशीत.

"आता वाचा," ती म्हणाली.
मी वाचलं: 'आई, इथे पाव मिळतो.'
"मागेही असंच वाचलं होतं तुम्ही.
मग यात बदललं काय?"

मला उत्तर आलं नाही.
मेजावर ती गोळी पडली होती, गुलाबी झालेली.
तिनं ती उचलली, उजेडात धरली,
आणि खाल्ली.