अंगठ्याची बाजू

वरून कागद आला : मुलींना स्वसंरक्षण, दहा दिवस,
फोटोसह अहवाल पाठवणे.
गाद्या कुठल्या! मी सेलूच्या जिनिंगवरून
सोळा बारदानं मागून आणली, झटकली, उन्हात टाकली,
तरी सरकी निघायचीच,
पोरींच्या वेण्यांतून, गुडघ्यांवरून, हेडसरांच्या खुर्चीतूनसुद्धा.

राठोड मॅडम जिंतूरकडच्या तांड्यावरून यायच्या,
साडेनऊची एसटी, पाठीवर सॅक.
पांढरे बूट दारात काढून ठेवायच्या
देवळात आल्यासारखे.

पहिल्या दिवशी नुसतं ओरडायचं होतं.
बेचाळीस पोरी, अन् आवाज
चिमणीनं पाणी प्यावं एवढा.
मॅडम म्हणल्या, कुणाला जेवायला बोलवायल्या का?
पोटातून काढा!
गिरजा ढवळे आधी हसली, मग खोकली,
मग अशी ओरडली
की हेडसर चहा सांडून बाहेर आले.
म्हणाले, जरा हळू घ्या, शेजारी बँक आहे.

दुसऱ्या दिवशी मनगट.
"कुणी धरलं तर मागं ओढायचं नाही,
ओढलं की पकड आवळते.
चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा.
दार तिथंच असतंय.
तिकडं वळवा, कोपर पुढं घ्या, अन् निघा."

मी वर्गाच्या दारात फडकं पिळत होते.
पिळतच राहिले.
अकरा वर्षं मी मागंच ओढत होते.
पंचमीला भरलेल्या बांगड्या
पोळ्यापर्यंतसुद्धा टिकायच्या नाहीत.
कासार म्हणायचा, बाई, तुमच्या हाताला काम फार.
मी म्हणायची, हो, फार.
आता तो माणूस नाही.
कुठं धरायचा, ती जागा पाऊस आला की अजून सांगते.

चौथ्या दिवशी भिंतीवर पोरं. आठवी-नववीची.
त्यांना क्रिकेट दिलं होतं, चेंडू हरवला म्हणे.
हू-हू करायली, तंगड्या उडवून नकला करायली,
"ए कराटे, इकडं ये की!"
मी खराटा घेऊन धावले तशी पलीकडं उड्या मारून पळाली.
मधला निळा शर्ट
मी आदल्या रात्रीच इस्त्री केला होता.

सहाव्या दिवशी नाक, डोळे, नडगी.
मॅडम म्हणल्या, काही विचारायचंय?
सुकेशिनी बोलत नाही कधी,
हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते.
ती उठली. म्हणली,
"ओळखीचा असला तर?
म्हणजे घरी येणारा. ज्याला चहा द्यावा लागतो."

सगळ्या पोरी खाली बघून
बारदानातली सरकी वेचायला लागल्या.
मॅडम लगेच बोलल्या नाहीत.
तिच्याशेजारी खाली बसल्या, मांडीला मांडी लावून,
अन् मला डोळ्यांनीच सांगितलं, बाकीच्यांना ने.
मी पोरी नळाला नेल्या.
काय बोलणं झालं मला माहीत नाही.
एवढंच दिसलं, की आता मॅडम ऐकायल्या होत्या
अन् सुकेशिनी बोलायली होती.

तास संपला. घड्याळ मलाच दिसतं.
हेडसरांनी खिडकीतून हात हलवला, टोल द्या.
मी नळ पुसत राहिले.
नंतर म्हणलं, विसरले.
वहीत लिहून घेतलं त्यांनी. घेऊ द्या.

दोन दिवस मी घरी काही बोलले नव्हते.
त्या रात्री ताट वाढलं अन् म्हणलं,
धर माझं मनगट.
"कशाला?"
धर म्हणलं ना. जोरात धर.
त्यानं हसत धरलं.
हात बापाचा आहे, बोटं लांब,
अन् बरोबर त्याच जागी.
क्षणभर मी मागं ओढणारच होते.

मग अंगठ्याकडं वळवला. कोपर पुढं.
निघाला.

तो आपल्या रिकाम्या मुठीकडं बघायला.
भाकरी गार व्हायली, होऊ दिली.
म्हणलं, आता सांग, भिंतीवर कोण कोण होतं.
तुझ्यापासून सुरू कर.