माया

डुलुथचं रिंक. फेब्रुवारी. बाहेर उणे वीस.
आत पॉपकॉर्नचा वास, आणि ओल्या हातमोज्यांचा.
गॉर्डी पेल्कीच्या मांडीवर वही,
वहीत रकाने: उंची, वजन, हातांचा पल्ला,
आणि अगदी कडेला, करंगळीएवढा अरुंद: कसब.

"उंची शिकवता येत नाही," तो म्हणतो,
गेली अकरा वर्षं, दर सामन्याला एकदा.

खाली ब्रोडी हॅल्वर्सन, सहा फूट पाच.
तो आधी वळायचं ठरवतो, मग वळतो,
इथल्या बंदरात लोखंडाचं जहाज वळतं तसा.
आणि रीड कांगस. वरच्या खाणपट्ट्यातला, सतरा वर्षांचा.
कोपऱ्यात तिघं त्याच्या अंगावर, काठ्यांची खडखड,
आणि पक बाहेर येतो
नेढ्यातून दोरा यावा तसा,
टोक ओलं न करता, पहिल्या फटक्यात.

दुसऱ्या सत्रात हॅल्वर्सननं त्याला कठड्यावर दाबलं.
काच हादरली. माझ्या कॉफीत वर्तुळं उठली.
कांगस उठला. आधी एक गुडघा,
मग दुसरा,
मग बराच वेळ काहीच नाही.
गॉर्डीनं वहीत काही लिहिलं नाही.
नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मापं घ्यायचं काम माझं.
टेप वडिलांची, कराडच्या दुकानातली,
पितळी टोकाची, पहिले दोन इंच झिजून कोरे.
"वाढत्या अंगाचं माप आजचं घ्यायचं नाही," ते म्हणायचे,
"शिवणीत माया सोड.
कापड थांबतं, पोर थांबत नाही."

हॅल्वर्सन दारातून आला तो मान वाकवून,
दार पुरेसं उंच असूनही.
विचारलं, "त्या मुलाला फार लागलं का?"
याला वहीत रकाना नव्हता.

कांगस भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
मी म्हटलं, मोजे काढ.
डाव्यातून पुठ्ठ्याचा तुकडा पडला,
कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा, त्यावर अर्धा पेला दूध.
आम्ही दोघं त्या दुधाकडे बघत राहिलो.
त्याचे कान लाल झाले. उजवा मोजा त्यानं
स्वतःहूनच झटकला.

दारातून गॉर्डी: "बाप केवढा आहे तुझा?"
"माहीत नाही," पोरगा म्हणाला,
"मी चार वर्षांचा होतो. तेव्हा उंच वाटायचा."

पाच फूट आठ.
लिहिलं तेवढंच. माझ्या वहीत माया सोडायची मुभा नाही.

जूनमध्ये, पाचव्या फेरीत, आमची पाळी आली.
मी म्हटलं, मूर्ती लहान, कीर्ती महान.
इंग्रजीत ते चहाच्या कपावर छापण्यासारखं झालं.
मी म्हटलं, नजरही शिकवता येत नाही, गॉर्डी.
तो गप्प बसला. त्याला पटत होतं, हेच वाईट.
"पण रात्री ऐंशी सामन्यांचा विचार येतो," तो म्हणाला,
"आणि ती काच."
मलाही ती काच आठवली.

आम्ही हॅल्वर्सन घेतला.
कांगसचं नाव सातव्या फेरीपर्यंत कुणीच घेतलं नाही.

त्या रात्री घरी मुलाच्या पँटची दुमड उसवली.
आखूड झाली होती. आतून निघालं बोटभर कापड,
ऊन न लागलेलं, दुकानातल्यासारखं गडद निळं,
आणि जुन्या घडीची पांढरी रेघ,
इस्त्री तीनदा फिरवूनही जाईना.

मग जाकिटाच्या खिशातून ते दोन पुठ्ठे काढले.
टेपवर धरले, झिजलेले इंच सोडून.
एक सूत.
दुसराही एक सूत.
आणि दोन्ही पायांचे धरले तरी
उंची वाढते ती एकच सूत.