क्वचितच वापरलेली

जाहिरातीत होतं :
"उत्कृष्ट स्थितीतील पायपेटी. मूळ जर्मन सूर.
भारदस्त, मखमली नाद.
एकाच कुटुंबाने जपलेली. क्वचितच वापरलेली."

मी वडशाहून निघालो. डिक्कीत पेचकस, मेण,
जुन्या सुरांचा डबा.
सिंदेवाहीच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून
रस्ता एवढाच की समोरून बैलगाडी आली तर
दोघांपैकी एकानं चिखलात उतरायचं.
मी उतरलो.

पेटी कोठ्यात होती, मोहफुलांच्या पोत्यांआड.
झाकण उघडलं तर आत उंदरानं संसार मांडलेला.
जर्मनचा ज नव्हता कुठे,
पट्टीवर 'कलकत्ता', तेही अर्धं पुसलेलं.
मखमल मात्र होती :
फाटक्या भात्याला लावलेलं
नाटकाच्या पडद्याचं ठिगळ.

"कोणी लिहिलं हे?"
"मोबाइलनं," प्रज्वल म्हणाला.
"मी फोटो टाकला, 'जुनी पेटी' म्हटलं.
बाकी त्याचं त्यानंच."
मला सवय आहे.
मागच्या महिन्यात चिरलेल्या बासरीला
त्यानं 'हवेशीर' म्हटलं होतं.

मग किंमत पाडायची म्हणून
एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.
प्रज्वलची मावशी, कुंदाबाई, तांदूळ निवडत होत्या.
जर्मनला काही बोलल्या नाहीत.
मखमलीला हसल्या.
'क्वचितच'ला हात थांबला.

"म्हंजे?"
"म्हणजे कधीमधी. फार नाही."

सूप खाली ठेवलं त्यांनी.
"दिवाळीपासून होळीवरी रोज रात्री, भाऊ.
बाबा दहाले बसे, उजाडल्यावर उठे.
मी पेटीखालीच झोपो.
एक पाय वर जाये, एक खाली,
मले वाटे रात अशीच चालते,
पायानं.
कायले खोटं लिवते तो?
मले इचारून तं पाहाचं होतं."

प्रज्वल ओशाळला. अंगठा दोनदा हलवला.
यंत्रानं लगेच चूक कबूल केली, नवं लिहिलं :
"सुप्रसिद्ध कलावंताने दररोज वाजवलेली दुर्मीळ पेटी."

"सुप्रसिद्ध?" कुंदाबाई म्हणाल्या,
"तिकिटावर तं नाव बी नसे त्याचं."

मी स्टूल ओढून बसलो. फळ्या दाबल्या.
आधी नुसतं तूस उडालं,
मग धाप लागल्यासारखा भाता,
मग कुणी न दाबताच
मधली एक काळी पट्टी वाजू लागली,
थांबेना.
कुंदाबाईंनी ती बोटानं वर उचलली,
बघितलंही नाही तिच्याकडे,
घरातली जुनी खोड असावी तशी.

डाव्या फळीवर टाचेएवढा खळगा पडलेला.
त्यात माझी टाच बसेना.
वर सरकवून पाहिली, खाली सरकवून पाहिली.

प्रज्वल वाकून फोटो काढत होता.
"याला काय लिहू," त्यानं विचारलं,
"किरकोळ झीज?"